आज्जा गुन्हेगार होता का?

साल २०१५. नागपंचमी होऊन चार दिवस झाले होते. बारावीच्या वर्गात समाजशास्त्राचा तास चालू होता आणि फळ्यावर मी व्याख्या लिहिली होती : समाजाने मान्य केलेल्या नियमांपासून दूर जाणारे वर्तन म्हणजे विचलन. तिसऱ्या बाकावरचा, शिराळ्याकडून एस.टी.नं येणारा एक मुलगा उभा राहिला.

"मॅडम, माझ्या आज्ज्यानं चाळीस वर्षं नाग धरलं. सगळी गल्ली पाया पडायची त्याच्या. आज आसता आन् धरला आसता, तर आत टाकला आसता त्याला. मग आज्जा गुन्हेगार हुता का ओ?"

मागच्या बाकांवर दोघं-तिघं हसले. मग वर्ग एकदम गप्प झाला, कारण तो मुलगा हसत नव्हता. मी काहीतरी म्हटलं, कायदा बदलतो वगैरे, आणि तेवढ्यात घंटा झाली. एकतीस वर्षं मी हा विषय शिकवला, पण एवढा सरळ प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. मी स्वतः शिराळ्याची लेक. माझे तात्या, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तेही नाग धरायचे. म्हणजे प्रश्न माझ्याही घरचा होता. त्याचं उत्तर तेव्हा देता आलं नाही, ते आता लिहिते आहे.

ज्यांनी शिराळा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या उतारावर आमचा तालुका. गावातून मोरणा वाहते, खाली वारणा. बत्तीस गावांचं म्हणून बत्तीस शिराळा. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथं आहे आणि गोरक्षनाथांचं मंदिरही. १९४९ पर्यंत आम्ही सातारा जिल्ह्यात होतो, मग दक्षिण सातारा, आणि १९६० पासून सांगली. पण लोकांनी शिराळ्याला ओळखलं ते नागपंचमीमुळंच.

कथा गोरक्षनाथांची सांगतात. नाथ भिक्षेला महाजनांच्या दारी आले. घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी कारण विचारलं, तिनं मातीचा नाग दाखवला. जिवंत नागाची पूजा करशील का, असं नाथ म्हणाले आणि मातीचा नाग फणा काढून उभा राहिला. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पूजायचा. कथा खरी की खोटी हा प्रश्न लहानपणी आम्हाला कधी पडला नाही. आमच्यासाठी ती गावाची सनद होती.

मला आठवते ती नागपंचमी साठ-सत्तरच्या दशकातली. बेंदूर झाला की तात्या आणि गल्लीतली पाच-सहा माणसं रानात जायला लागायची. हातात एक काठी, खांद्यावर कुदळ, आणि एकाच्या डोक्यावर मडकं. पावसानं भिजलेल्या मातीवर नाग सरकल्याची खूण तात्यांना दिसायची. आम्हाला नुसती माती दिसायची. कुठल्या बिळात गेला, कधी गेला, आत आहे की पलीकडून निघून गेला, हे ते वाकून बघून सांगायचे. कात सापडली तर ती हातात घेऊन जनावर केवढं असेल तेही सांगायचे. बीळ उकरताना कुदळ शेवटी बाजूला ठेवायची आणि हातानं माती काढायची, नागाला लागू नये म्हणून. काठीनं हलकं दाबून, शेपटी धरून त्याला मडक्यात सोडायचं आणि तोंडाला फडकं बांधायचं. पुढचे दिवस ते मडकं आमच्या सोप्यात असायचं. त्या दिवसांत घरात कुणी मोठ्यानं भांडायचं नाही, कुणी शिवी द्यायची नाही. आज्जी म्हणायची, पाहुणा हाय घरात.

आम्ही मुली आणि बायका नाग धरायला कधीच गेलो नाही. तो पुरुषांचा मान होता. आमच्या वाट्याला उंबरठा आला, आणि उंबरठ्यावरून जे दिसतं तेच मी सांगू शकते. आदल्या दिवशी भावासाठी उपास. नाग हा भाऊ. पंचमीला काही चिरायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, रान नांगरायचं नाही. पुरणाची दिंडं उकडायची. सासरहून आलेल्या पोरी मेंदी लावून झोक्यावर. आणि मग गल्लीतून हाक यायची, नाग आला! उंबऱ्यावर पाट मांडलेला असायचा. तात्या मडक्याचं फडकं सोडायचे, नाग बाहेर येऊन फणा काढायचा आणि माझी आई, जी एरवी झुरळालाही भ्यायची, ती त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसून लाह्या, हळद-कुंकू वाहायची. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे असायचं त्याला भक्ती म्हणावं की धैर्य, मला अजून ठरवता आलेलं नाही. नंतर नाग अंबाबाईच्या देवळाकडं जायचे आणि पंचमी झाली की जिथून धरला तिथंच नेऊन सोडायचे. तात्या या बाबतीत फार काटेकोर होते. ज्याच्या रानातला नाग त्याच्याच रानात. तो त्या रानाचा राखणदार.

एमील द्युरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९१२ साली धर्मावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं म्हटलं की एकत्र जमलेल्या माणसांच्या अंगात एक उधाण येतं, आणि त्या उधाणात समाजाला स्वतःचीच ओळख पटते. विद्यापीठात मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थेट आमचा उंबरा दिसला. वर्षभर बांधावरून भांडणारी माणसं त्या दिवशी एका मडक्याभोवती श्वास रोखून उभी असायची.

पण समूहाबद्दल दुसरंही एक पुस्तक आहे, गुस्ताव ल बाँ यांचं, १८९५ सालचं. त्यांच्या मते गर्दीत शिरलेला माणूस स्वतःची बुद्धी बाहेर ठेवून येतो. मला हे पुस्तक आवडत नाही. त्यात गरिबांच्या जमावाबद्दलची वरच्या वर्गाची भीती पानोपानी आहे. तरीही नव्वदच्या दशकानंतर आमच्या गावात जे झालं ते पाहताना ते मला आठवत राहिलं. गल्ल्यांची मंडळं झाली. कुणाचा नाग लांब, कुणाचा फणा उंच, अशा स्पर्धा आणि बक्षिसं आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, त्यांवर स्पीकरच्या भिंती, परदेशी कॅमेरे. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतून आणि अंगातून येणारा हादरा त्याला चांगला कळतो. त्या स्पीकरसमोर फणा काढून उभा असलेला नाग डुलत नव्हता, तो घाबरला होता. त्याला दूध पाजायला बघणारेही होते, आणि दूध हे सापाचं अन्नच नाही. तात्यांनी शेवटची काही वर्षं मिरवणुकीत जायचं सोडून दिलं होतं. ते एवढंच म्हणाले, "आता नाग कुणी बघत न्हाई. एकमेकाकडं बघत्यात." माझ्या मते स्पर्धा लागली त्या वर्षीच ही प्रथा आतून मोडली होती. कोर्टानं ती नंतर मोडली.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. पुढच्या दुरुस्त्यांनी त्याची पकड घट्ट होत गेली, आणि नाग धरण्याला तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल इथवर ती आली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर नाग पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत आहे. तरीही कायदा आल्यानंतर कितीतरी वर्षं शिराळ्याची नागपंचमी उघड्यावर, दिवसाढवळ्या होत राहिली. जादा एस.टी. सुटायच्या, पुढारी यायचे, पोलिसांचा बंदोबस्त असायचा. कागदावर जो गुन्हा होता त्याच्या गर्दीला शिस्त लावायला पोलीस उभे होते. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ साली न्यायालयानं कायद्याची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं. त्यानंतर वन विभागाची पथकं गावोगाव फिरू लागली. नागाच्या जागी प्रतिमा आली, मातीचा नाग आला. गोरक्षनाथांच्या कथेत जिथून सुरुवात झाली होती तिथंच गाव परत आलं.

हॉवर्ड बेकर हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ तरुणपणी शिकागोच्या क्लबांमधून पियानो वाजवायचा. त्याचं १९६३ सालचं पुस्तक मी दरवर्षी शिकवलं. त्याचा मुद्दा साधा आहे. विचलन कृतीच्या आत भरलेलं नसतं. कुणीतरी नियम करतं, कुणावर तरी तो लावतं, आणि ज्याच्यावर शिक्का यशस्वीपणे बसतो तो विचलित ठरतो. तात्यांचा हात १९६५ मध्ये जे करत होता तेच दुसऱ्या कुणाचा हात २०१५ मध्ये करता तर गुन्हा. कृती तीच, नागही तोच.

एवढं सांगून थांबले असते तर माझ्या विद्यार्थ्याचं समाधान झालं असतं. आज्जा निर्दोष, कायदा बदलला, विषय संपला. पण माझं समाधान होत नव्हतं, कारण आमच्याच दारात येणारी दुसरी काही माणसं मला आठवत होती.

श्रावणात गारुडी यायचे. खांद्यावर कावड, कावडीत वेताच्या टोपल्या, हातात पुंगी. तेही नाग धरायचे. तेही फणा काढून दाखवायचे आणि बायका त्यांच्याही नागावर हळद-कुंकू टाकायच्या. पण त्यांना कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्यांच्या टोपलीत पसाभर जोंधळे पडायचे आणि ती माणसं गेली की आज्जी दार लावून घ्यायची, पोरांवर लक्ष ठेवा म्हणायची. नाग धरणारे तात्या म्हणजे मानकरी, नाग धरणारा गारुडी म्हणजे भिकारी, आणि कदाचित चोर. गारुड्यांनी नागाचे दात काढलेले असायचे, आमची माणसं तसं करत नव्हती, हा फरक खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. पण दार लावून घ्यायचं कारण दात नव्हते. कारण जमीन होतं. तात्यांच्या नावावर चार एकर होतं, गावात घर होतं, भावकी होती. गारुड्याच्या नावावर काही नव्हतं.

कायद्याची झळ पहिल्यांदा बसली तीही गारुड्यांनाच. त्यांच्या टोपल्या स्टँडवर, बाजारात सहज काढून घेता येत होत्या. त्यांच्यासाठी कुणी कोर्टात गेलं नाही, कुणी मोर्चा काढला नाही, परंपरा हा शब्दही कुणी वापरला नाही. आमच्या गावात मात्र बंदी आली तेव्हा आंदोलनं झाली, निवेदनं गेली, प्रश्न मंत्र्यांपर्यंत पोचला. २०२५ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं शिराळ्याला प्रबोधनासाठी नाग धरण्याची मर्यादित परवानगी दिलीसुद्धा, मिरवणूक आणि स्पर्धा वगळून. गारुड्याला असा कागद कुणी दिला नाही. समाजशास्त्रात ज्याला सामाजिक वर्ग म्हणतात तो उत्पन्नाच्या आकड्यात असतोच, पण त्याहून जास्त तो इथं असतो : तुमच्या कृतीला कुठलं नाव मिळतं यात.

आणि नाव जन्माआधीच ठरलेलं असेल तर?

आमच्या तालुक्याच्या शेजारी वाळवा तालुका, त्यात वाटेगाव. १ ऑगस्ट १९२० रोजी तिथं अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची. बाबासाहेबांच्या लेखणीला ती अर्पण केलेली आहे आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं. त्या कादंबरीत मांगांवर लादलेली हजेरी येते. ती कल्पना नव्हती. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो देशभर लागू करता येईल असा केला आणि १९२४ मध्ये पुन्हा पक्का केला. त्या कायद्यानं काय केलं हे वर्गात समजावताना मी नेहमी अडखळायची. त्यानं माणसानं काय केलं हे विचारणं बंद केलं. कुणाच्या पोटी जन्मला एवढंच विचारलं. नोंद झालेल्या माणसानं ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारेच्या आत वसाहती झाल्या. लोक त्यांना सेटलमेंटच म्हणायचे.

रामोशांचं उदाहरण घ्या. गावाची राखण हे त्यांचं पिढीजात काम. रात्रीची गस्त त्यांची, चोरी झाली तर माग काढायची जबाबदारीही त्यांची. कंपनी सरकारनं ती वतनं आणि तो मान काढून घेतला, पोटाचं साधन गेलं, उमाजी नाईकांनी बंड केलं आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. पुढं त्याच समाजाच्या नावापुढं सरकारी दप्तरात गुन्हेगार असं लागलं. ज्याच्या भरवशावर गाव झोपायचं त्याच्याकडंच गाव संशयानं बघायला शिकलं.

मी नोकरीत असताना एका सुट्टीत वारणाकाठच्या एका गावी अशाच एका वस्तीवर गेले होते. नव्वदीच्या पुढची एक आज्जी होती. तिचं नाव मी लिहीत नाही. ती म्हणाली, तिचा बाप रोज सांजेला चावडीवर जायचा. ताप असला तरी जायचा. एकदा त्याला उठवेना, तर तिला, सहा-सात वर्षांच्या पोरीला, पुढं पाठवलं : जा, सांग, बाबा येतोय. ती चावडीपुढं उभी राहिली आणि तोंडातून शब्दच फुटेना. "बाबानं काय केलं हुतं?" मी विचारलं. ती माझ्याकडं बघत राहिली. "केलं नव्हतंच काय. म्हून तर रोज जायाचा." मला आधी कळलं नाही. मग कळलं : ज्यानं गुन्हा केला त्याची शिक्षा कधीतरी संपते. ज्यानं केलाच नाही त्याची संपायला जागाच नव्हती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि कुठं चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कुठल्या पालाकडं वळते, हे आमच्या भागातल्या कुणालाही विचारा. दप्तरातून नाव पुसलं. शेजाऱ्याच्या नजरेतून ते पुसायला अजून वेळ आहे. माझ्या आज्जीचं दार लावून घेणं त्याच नजरेचं होतं, हे मला पन्नाशीत समजलं, आणि तेव्हा तिला सांगायला ती नव्हती.

आता शिक्का उलटा फिरल्याची गोष्ट सांगते, कारण तीही आमच्याच तालुक्यात घडली. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह चालू होता. आमच्या डोंगराळ भागात मीठ कुठून आणणार? इथं जंगल होतं, आणि सरपणाची मोळी आणि गुरांची चारणी सरकारी वनकायद्यानं बांधून टाकली होती. म्हणून लोकांनी जंगलाचा सत्याग्रह केला. शिराळा तालुक्यातलं बिळाशी गाव त्यात सगळ्यांच्या पुढं होतं. गावकऱ्यांनी सरकारी रानातला साग तोडला आणि त्याच्या खांबावर देवळापुढं तिरंगा चढवला. तो उतरवायला पोलीस आले, बायाबापड्या झेंड्याभोवती उभ्या राहिल्या, गोळीबार झाला, माणसं मेली. इतिहासात ते बिळाशीचं बंड म्हणून नोंदलं गेलं. त्याच वर्षी, २५ सप्टेंबरला, कोकणात चिरनेरलाही जंगल सत्याग्रहावर गोळ्या चालल्या.

झाड तोडणं हा गुन्हा होता. तोडणारे शेतकरी, बलुतेदार, गुराखी. आदल्या वर्षी त्यांनी एकेकट्यानं तेच झाड तोडलं असतं तर चोर म्हणून दंड भरला असता आणि गावानंही चोरच म्हटलं असतं. सगळ्यांनी मिळून, ठरवून, दिवसा, झेंड्यासाठी तोडलं तेव्हा ते हुतात्मे झाले. समूहाच्या हातात ही ताकद असते. तो कृतीचं नाव बदलू शकतो, जर तो पुरेसा मोठा असेल आणि त्याच्यामागं पुरेसा इतिहास उभा राहिला तर. पुढं १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मुलखात चाललं. इंग्रजांच्या लेखी त्यातली माणसं दरोडेखोर होती. नागनाथअण्णा नायकवडींच्या तुकडीची पोलिसांशी आमच्या तालुक्यात मणदूरच्या डोंगरात चकमक झाली, त्यात किसन अहिर आणि नानकसिंग पडले. आज वाळव्याच्या साखर कारखान्याला किसन अहिरांचं नाव आहे. ज्या नावाचा पोलिसांनी रानोमाळ पाठलाग केला ते नाव आज उसाच्या बिलावर छापून शेतकऱ्याच्या घरात येतं.

माझ्या मनात एक गोष्ट मात्र बोचत राहते. प्रतिसरकारात सगळ्या जातींची माणसं होती, आणि या मुलखानं त्यांना डोक्यावर घेतलं, हे योग्यच झालं. पण दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांना वाटणारा अण्णा भाऊंचा फकिरा असो की वारणेच्या खोऱ्यातले इतर बंडखोर असोत, त्यांना घरात जागा मिळायला कादंबरी लिहिली जावी लागली, आणि तीही शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेल्या माणसाला लिहावी लागली. मध्यमवर्गीय इतिहासकारांनी ते काम केलं नाही.

म्हणून त्या मुलाला मी आज काय सांगेन? तुझा आज्जा गुन्हेगार नव्हता. त्याच्या काळात त्याच्या गावानं त्याला जे नाव दिलं ते त्यानं प्रामाणिकपणे सांभाळलं. पण बाळा, आज जर तू ट्रॉलीवर चढून, स्पीकर लावून, बक्षिसासाठी नाग नाचवलास तर तो आज्ज्याचा वारसा नाही. आणि आज्जा गुन्हेगार नव्हता हे तुला पटत असेल तर गारुडीही नव्हता, आणि चावडीवर ताप अंगावर घेऊन जाणारा तो बापही नव्हता, हे तुला त्याच दमात म्हणता आलं पाहिजे. ते म्हणताना तुझी जीभ अडखळली तर तुझ्या आज्ज्याचा बचाव मला मान्य नाही.

नागाच्या बाजूचंही बोलायला हवं. कायदा नागासाठी झाला, आणि नाग वाचायला हवा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उंदीर खाऊन तो आमचं धान्य राखतो, हे तात्यांना कुठल्याही प्राणिशास्त्रज्ञाइतकं ठाऊक होतं. पण साप आणि माणूस यांच्यातला खरा हिशोब मिरवणुकीत नाही, तो शेतात आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतली बहुतेक खेड्यातली. भांगलायला वाकलेली बाई, रात्री पाणी पाजायला अनवाणी गेलेला सालगडी, जमिनीवर झोपलेलं पोर. साप कुणाला चावतो हेही वर्ग ठरवतो.

या माणसांना वाचवणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषापासून बनते. ते विष आपल्या देशात मुख्यतः कोण गोळा करतं? तमिळनाडूतले इरुळा. ते पिढीजात साप धरणारे. कातडीचा व्यापार १९७२ च्या कायद्यानंतर बंद पडला तेव्हा त्यांचं पोट गेलं. पण १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. परवाना घ्यायचा, साप धरायचा, ठरावीक वेळा विष काढायचं, साप परत रानात सोडायचा. ज्या हातांना कायद्यानं चोर ठरवलं असतं तेच हात आज औषध देतात. वन्यजीव कायद्याच्या कलम १२ मध्ये शिक्षण, संशोधन आणि औषधासाठी लागणारं विष यांसाठी परवान्याची वाट आधीपासून आहे. इरुळांना ती दाखवणारी माणसं भेटली. आमच्या भागात सहकारी साखर कारखाना, दूध संघ, सूतगिरणी, सगळं झालं. पण साप धरणाऱ्यांची सहकारी संस्था काढावी असं, सहकाराचा एवढा अभिमान असलेल्या आम्हाला, पन्नास वर्षांत सुचलं नाही. मी हा दोष इतरांवर ढकलत नाही. मी शिकवत होते, इरुळांबद्दल वाचलं होतं, आणि गावात जाऊन हे बोलले नाही.

तात्या २००३ साली गेले. त्यांची काठी आमच्या माळ्यावर आहे. मातीवरचा नागाचा माग वाचणं त्यांनी दोघांना शिकवलं होतं. त्यांतला एक गेल्या वर्षी गेला, दुसरा आता पंच्याहत्तरीला आला आहे आणि त्याला मोतीबिंदू आहे. श्रावण यायच्या आत मी त्याच्याकडं वही घेऊन जाणार आहे. शिराळ्यात, आणि शिराळ्याबाहेरच्या पालांवर, ज्यांच्या घरात असा कुणी म्हातारा असेल त्यांनीही बसावं त्याच्यापाशी आणि तो सांगेल ते उतरवून घ्यावं, तो मानकरी असो की गारुडी.